देवीचा रकाना

मी आयुष्यात एकदाच रोगाची साथ पसरवली, आणि तीही टाचण्यांनी. पुढं सरकारी नोकरीत केस पांढरे झाले, पण त्या आठ-दहा दिवसांत जे शिकलो त्यावरच बाकीची नोकरी निभावली.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. जिल्हा तेव्हा एकच होता, चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर. गडचिरोली त्याचीच एक तहसील, आणि कारभार नागपूरहून चालायचा. मी तेवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, आरोग्य खात्याच्या जिल्हा ऑफिसात कारकून. गावोगावचे कोतवाल आठवड्यातून एकदा पोलीस ठाण्यावर जाऊन गावात कोण जन्मलं, कोण मेलं, काय आजार आहे ते तोंडी सांगायचे. ठाण्याचा मुन्शी ते छापील तक्त्यात भरायचा आणि ते तक्ते माझ्या टेबलावर येऊन पडायचे. ताप, पटकी, प्लेग, देवी, इतर, असे रकाने. मी बेरीज मारायची आणि कागद वर पाठवायचा.

नुसत्या बेरजा करायला आपला जन्म नाही अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. म्हणून मी ऑफिसच्या भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाला कामाला लावलं. लिफाफ्यांची लाख वितळवून टाचण्यांच्या डोक्यांवर लाल थेंब बसवले, आणि ज्या गावाच्या देवीच्या रकान्यात आकडा दिसेल तिथं एक टाचणी टोचायला लागलो. देवी म्हणजे तो अंगावर फोड आणणारा, माणसं मारणारा, वाचलेल्याला आंधळं करणारा रोग. त्याच्या नुसत्या नावानं तेव्हा माणसं हातातला घास खाली ठेवायची.

मोहफुलं गळायला लागली त्या सुमारास टाचण्या वाढू लागल्या. आधी एक गाव, मग दोन, मग एका आठवड्यात तीन. बघता बघता नऊ गावं झाली. त्यातली आठ वैनगंगेच्या पूर्वेकडच्या काठानं एका ओळीत, उत्तरेकडून दक्षिणेकडं. नववं तेवढं नाल्याच्या पलीकडं, ओळीबाहेर. पण त्याची नोंद सगळ्यांत आधीची होती, तेव्हा तिथूनच सुरुवात झाली असणार असं मी ठरवून टाकलं. मृत्यूचे रकाने कोरे होते. ते उशिरा भरतात, असंही मीच ठरवलं. बाजारोबाजार फिरणारा एक कापडवाला ओळखीचा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, तीन गावांत दारोदार निंबाचे डहाळे लटकलेत आणि कुठल्या घरातून फोडणीचा वास नाही. घरात देवीचा रोगी असला की असंच करतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आणखी काय पाहिजे!

मी साहेबांना टिपण लिहून दिलं, 'साथ नदीकाठाने दक्षिणेकडे सरकत आहे.' साहेब स्वतः उठून नकाशापाशी आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शाब्बास." त्या एका शब्दावर मी दुपारपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. सोमवारी हुकूम निघणार होता. त्या सगळ्या पट्ट्यातले बाजार बंद, नदीवरचे डोंगे बंद, महिनाभर कोणी आत जायचं नाही की बाहेर यायचं नाही.

दुपारी मला आणखी हुशारी सुचली. साथ पुढं कुठं जाणार तेही सांगून टाकावं म्हणून पट्टी लावून रेघ वाढवली. रेघ माझ्या बहिणीच्या गावावरून गेली.

आम्ही तिला बाई म्हणायचो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. मूल आडवं आलं, दोन दिवस ती तळमळली, मूल गेलं आणि ती कशीबशी वाचली. चांद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर बजावलं होतं, पुढच्या खेपेला इथंच आणा, घरी ठेवलंत तर मी जबाबदार नाही. आता तिला नववा लागला होता आणि पुढच्या आठवड्यात ती चांद्याला यायची होती. माझा हुकूम निघाला की ती महिनाभर नदीच्या त्या काठावर अडकणार. हुकूम माझाच म्हणायचा. सही तेवढी साहेबांची.

आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत जिल्ह्याचे सगळ्यांत जुने टीके लावणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, बसत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चांद्याच्या किल्ल्याच्या आतले राहणारे, पेन्शनीला आलेले. लहानपणी त्यांना स्वतःला देवी आल्या होत्या आणि चेहऱ्यावर त्याचे वण होते. मी गेलो तेव्हा ते स्पिरिटच्या दिव्यावर सुया भाजत होते.

"चाचा, ही साथ खरी नसणार."

"सकाळी तं खरी होती," ते मान वर न करता म्हणाले. "दुपारून काय झालं?"

मी बाईचं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"म्हणजे सकाळी तुले साथ पाहिजे होती, शाब्बासकीसाठी. आता तुले साथ नाई पाहिजे, बहिणीसाठी. कागद तं तेच हायेत नं बावा?"

मला असा राग आला! मी इथं जिवाच्या आकांतानं आलोय आणि हा म्हातारा मला चिमटे काढतोय.

"बस," ते म्हणाले. "कागद घे. सगळ्यात वरतं लिही, मले काय पाहिजे."

मी लिहिलं, 'साथ नसावी.'

"आता जे जे या बाजूले झुकन त्याले दोनदा तपासाचं. खाली तीन रकाने पाड. पाहिलं, ऐकलं, वाटलं. आन तुह्या टाचण्या एकेक करून त्यात भर."

मी भरत गेलो. अर्ध्या तासात 'ऐकलं' भरलं, 'वाटलं' ओसंडून वाहायला लागलं, आणि 'पाहिलं' मध्ये फक्त कापडवाल्याचे निंबाचे डहाळे. नऊ गावं, आणि एकही फोड कोणी पाहिलेला नाही.

"निंबानं तर सिद्धच होतं ना, चाचा?"

"घरात बिमारी असली तरी निंब. देवीची पूजा असली तरी निंब. जे दोन्हीकडं दिसते त्याचा काय उपयोग? मले असं काई दाखव, जे एकीकडंच दिसन."

मग ते नकाशापाशी आले आणि टाचण्यांच्या तारखा बोटावर मोजल्या. आठही गावांत बरोब्बर दोन-दोन दिवसांचं अंतर. "हा रोग अंगात शिरला की दहा-बारा दिवस गुमान दडून राह्यते. मंग वर येते. हे तं दर दोन दिसाले एक गाव चालून राह्यलं. बैलाच्या चालीनं."

"मग हे काय आहे?"

"मले नाई माहीत."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मी बघतच राहिलो. आमच्या ऑफिसात 'माहीत नाही' असं कोणी कधी म्हणत नसे. 'चौकशी चालू आहे' असं म्हणत.

"आणखी एक सांग. तो कोतवाल काय बोलला?"

"देवी."

"ते मुन्शीनं लिवलं. कोतवाल काय बोलला?"

"मला काय ठाऊक!"

"मलेबी नाई. चाल, इचारून येऊ."

साहेबांनी कुरकुर केली, पण चाचांचा मान मोठा. शुक्रवारपर्यंत हुकूम थांबवतो म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट नसला तर सही.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मूल गावापर्यंत मोटार, पुढं बैलबंडी, दुसऱ्या दिवशी नदीला डोंगा. पलीकडच्या रेतीत ओळीच्या खालच्या, अजून टाचणी न टोचलेल्या एका गावचा कोतवाल भेटला, हातात काठी, डोक्याला लाल फेटा. चाचांनी तोंड उघडायच्या आतच मी विचारून बसलो, "तुमच्या गावात देवी आली आहे का?"

"हाव जी, आली."

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्यानंतर दिवसभर मी कोणाला काही विचारलं नाही. मग ते बिडी पेटवत खाली बसले. "कवा आली भाऊ?"

"काल जी. वरच्या गावून."

"बरं. मंग आता कशी हाये?"

"बेस हाये जी. आज जेवन. उद्या जाईन."

"जेवन?"

"कोंबडा, नारळ. आमच्या गावचं झालं का मंग खालच्या गावच्या शिवंवर नेऊन देतो. तिथून थे लोकं नेते. रीतच हाये नं जी."

मी तिथंच रेतीत बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, कोतवाल बिचारा घाबरून दोन पावलं मागं सरला. माझी साथ चौघांच्या खांद्यावरून, ढोल वाजवत, कोंबडा खात चालली होती! त्या पट्ट्यातली गावं मिळून देवीची लाकडी डोली फिरवत होती. दर गावात दोन दिवस मुक्काम, दारोदार निंब, देवी गावात असेपर्यंत फोडणी बंद. कोतवालांनी इमानेइतबारे सांगितलं होतं, गावात देवी आली. मुन्शीच्या तक्त्यात देवीचा रकाना होताच, त्यानं भरला. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

"आन अंगावर फोड येते, ते?" चाचांनी विचारलं.

कोतवालानं झटकन कानाच्या पाळीला हात लावला. "थे माता जी. 'माता निंगाली' म्हणते. तिले देवी कोण म्हणन?"

देवी हा आमचा कागदावरचा शब्द होता. माझ्या शाळेच्या पुस्तकातही तो होता, म्हणून मला वाटलं सगळ्यांच्या तोंडी असेल.

मग चाचा म्हणाले, "भाऊ, नाल्यापल्याडच्या गावीबी गेली होती का देवी?" ते नववं गाव.

"नाई जी. त्यायची शीव अलग. तिकडं आमची देवी जात नाई."

मी हे ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं.

त्या दिवशी आम्ही चार गावं पाहिली. चाचा दिसेल त्या पोराचा दंड वर करून टीक्याची खूण पाहत आणि नसली तर तिथंच टोचत. फोड कुठंच नव्हते. बुधवारी सकाळी बाईच्या गावी पोचलो. गाव चामोर्शीच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये. बाईचं गाठोडं बांधून तयार होतं, ओसरीवर बसून ती सुपात मोहफुलं निवडत होती. तिला पाहिलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. भाटव्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणालो, "बंडी जुंपा. लगेच निघू."

चाचा ओसरीच्या कडेला पाणी पीत होते. तो माणूस न बोलता असा बसायचा की समोरच्याला बोलावंच लागे.

"आठ गावांचं तर कळलं ना!" मी चिडून म्हणालो. "नववंही तसंच असेल काहीतरी."

"असन," चाचा म्हणाले. "कोणत्या रकान्यात लिवू? रिपोर्ट तुहा हाये, मी म्हातारा काई बोलत नाई."

नववं गाव म्हणजे जाऊन-येऊन दीड दिवस. शुक्रवारी संध्याकाळच्या आत चांदा गाठायचं होतं. आणि बाईच्या सासूनं तर सकाळीच सांगितलं होतं, पोट खाली उतरलंय, आठ दिवसांच्या वर जात नाही. मी मनातल्या मनात चाचांना शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू, मोठ्या शिव्या दिल्या. आणि त्याच वेळी खिशातला तो कागद मला टोचत होता, ज्याच्यावर सगळ्यात वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, साथ नसावी.

बाईला सगळं सांगावं लागलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तिथं माता निंगाली असन तं?"

"तर हुकूम निघेल. निघायलाच पाहिजे."

"आन मी?"

मला रडू येत होतं.

"जा नं मंग," ती म्हणाली. "न पाहता लिवशीन, आन तिथं खरंच असन, तं कोणाकोणाची लेकरं जाईन. माहं एक गेलं, मले माहीत हाये. जा. पण उद्या दुपारपरेंत ये. मी थांबतो, पोट नाई थांबत."

आम्ही गेलो. नाला कोरडाच होता, पायीच ओलांडला. शिवेवर त्या गावचा कोतवाल भेटला. ह्या खेपेला मी फक्त एवढंच विचारलं, "गावात काय चालू आहे?" तो इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "एका घरी माता निंगाली जी. अदुगर थोरलं पडलं, थे उठलं. आता बाकीचे तिघं."

त्या घराच्या दारावर निंबाचा डहाळा होता. पोरांची आई दार सोडेना. चाचांनी चपला काढल्या, डहाळ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "बाई, माह्याबी अंगावर येऊन गेली माता. पाह्य माहं तोंड. मी तिले राग येईन असं काई करत नाई." तिनं त्यांच्या तोंडावरचे वण निरखून पाहिले आणि मग ती बाजूला झाली.

आत तीन लेकरं गोधडीवर पडली होती. चाचांनी त्यांची अंगं उघडी केली आणि मागं सरकले. "मी नाई सांगत. तू सांग, काय दिसते."

"फोड आहेत."

"कुठी?"

"छातीवर, पाठीवर. पोटावर दाट." मी वाकलो. "तोंडावर थोडे. हातापायांवर... दोन-चार."

"तळहात पाह्य."

"काही नाही."

"सगळे फोड सारखेच हायेत?"

नव्हते. काही पाण्याच्या थेंबासारखे ताजे होते, त्यांच्या शेजारीच काहींवर खपली धरली होती, काही नुसते लाल ठिपके. देवीचे फोड एका वयाचे असतात, सगळे एकदम भरतात, एकदम सुकतात, आणि तोंडावर आणि हातापायांवर दाट असतात. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि वाकून पाहणं यात किती अंतर आहे ते त्या गोधडीपाशी कळलं.

"कांजण्या," मी म्हणालो.

चाचांनी मान हलवली. "लहान माता, बाई. मोठी नाई. पोरं आठ दिसांत खेळन." ती बाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मीही अंगणात जाऊन तेच केलं. इतकं हलकं वाटत होतं की त्या नाल्यातून धावत सुटावंसं वाटलं.

"खुश झाला, ते बरं हाये," चाचा मागून म्हणाले. "पण लिही, आठ दिसांनी पुन्हा पाहाचं. आपण चुकू शकतो." आठ दिवसांनी ते एकटे जाऊन आले. पोरं खेळत होती.

गुरुवारी दुपारी बंडी निघाली. बाईखाली चार गोधड्या टाकल्या तरी खड्डा आला की ती माझ्या मनगटात नखं रुतवायची आणि म्हणायची, "तुह्या टाचण्या टोचून राह्यल्या मले." शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला.

"म्हणजे पहिलं टिपण पूर्ण चूक?"

"हो साहेब."

"तेही तुमचंच."

"हो साहेब."

त्यांनी दोन्ही कागद एकाच फायलीत लावले. शाब्बास काही म्हणाले नाहीत. मी टाचण्या उपटल्या. नकाशाला नऊ भोकं राहिली, ती माझी बदली होईपर्यंत तशीच होती.

पुढच्या बुधवारी सकाळी सरकारी दवाखान्यात बाई मोकळी झाली. ह्याही खेपेला मूल आडवंच होतं, पण डॉक्टरीणबाईंनी वेळेत फिरवलं. मुलगी. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात एकदा हसत होती, एकदा डोळे पुसत होती. "जावईबुवाले कार्ड टाक," मला म्हणाली. "लिही, घरी देवी आली."

मी पोस्टकार्ड घेतलं आणि आनंदाच्या भरात मोठ्या अक्षरात लिहूनही टाकलं, 'इकडे देवी आली.' आणि हात थांबला. भाटव्यांना वाचता येत नव्हतं. हे कार्ड तिथले मास्तर झाडाखाली सगळ्या गावासमोर वाचणार. मास्तर आमच्यासारखेच, कागदावरच्या शब्दाचे. तिकडं बाईच्या घरी रडारड, आणि आठवड्याभरात एखाद्या मुन्शीच्या तक्त्यात चांद्याच्या नावापुढं आकडा!

मी कार्ड फाडलं. आई ओरडली, "काऊन रे, शुभ लिवलं होतं नं!" मी सरळ आत गेलो. बाई डोळे मिटून पडली होती, पण छाती खालीवर होत होती. कुशीत ते लालबुंद गाठोडं. मी फडकं उघडलं. दोन हात, दोन पाय, वीस बोटं, अंगावर एक ठिपका नाही. ते जोरात रडलं.

बाहेर येऊन दुसरं कार्ड घेतलं. लिहिलं, 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी स्वतः पाहिलं आहे.'